हिस्पॅनिक वारसा सोहळा आणि विद्यार्थी-निधी : पूर्वतयारीपासून हिशेबापर्यंत

अमेरिकेत दरवर्षी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ राष्ट्रीय हिस्पॅनिक वारसा महिना म्हणून साजरा होतो. शाळा, ग्रंथालये, नगरपालिका, चर्च, कम्युनिटी कॉलेजे आणि लहानमोठ्या संस्था या दिवसांत संगीत, नृत्य आणि खाद्यपदार्थांचे मेळे भरवतात, आणि त्यांतील अनेकांचा दुसरा हेतू स्थानिक विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभा करण्याचा असतो. टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, इलिनॉय अशा राज्यांत मराठी कुटुंबांची मुले ज्या शाळांत शिकतात तिथेही हे मेळे होतात. त्यामुळे शाळेच्या पालक-शिक्षक समितीवर असलेल्या मराठी माणसाकडे "तुम्ही मंडळाचा गणपती सांभाळता, इथेही थोडे बघा" म्हणून एखादे काम चालून येणे स्वाभाविक आहे. हा लेख मुख्यतः अशा वाचकांसाठी आहे. ज्यांना केवळ कुतूहल आहे त्यांनाही एवढे मोठे सामाजिक काम आतून कसे चालते हे त्यातून कळेल.

बहुतेक समित्या सुरुवात उलट्या टोकाकडून करतात. आधी हॉल ठरतो, मग वाद्यवृंद, मग जेवण, आणि सगळा खर्च भागल्यावर जे काही उरेल त्यातून दोन विद्यार्थ्यांना धनादेश देऊन फोटो काढला जातो. विद्यार्थ्याला नेमके काय आणि केव्हा मिळायला हवे हे पहिल्या बैठकीत ठरवावे, आणि तारीख, जागा, कार्यक्रम, प्रायोजक हे सारे त्यावरून ठरवत जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढची मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

तारखांचा अर्थ आधी समजून घ्यावा

१९६८ साली कॅलिफोर्नियाचे काँग्रेस सदस्य एडवर्ड रॉयबाल यांच्या पुढाकाराने हिस्पॅनिक वारसा सप्ताहाचा ठराव झाला आणि राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही केली. १९८८ मध्ये रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत सप्ताहाचा महिना झाला. महिना सप्टेंबरच्या मध्यालाच सुरू होतो, कारण १५ सप्टेंबर हा ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन आहे. त्यांचे स्वातंत्र्य १८२१ मधले. मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला आणि चिलीचा राष्ट्रीय दिन १८ सप्टेंबरला येतो. ५ मेचा 'सिन्को दे मायो' हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नव्हे. १८६२ साली पुएब्ला येथे फ्रेंच सैन्याचा पराभव झाला, त्या लढाईचा तो स्मृतिदिन आहे. पत्रकावर ही चूक छापली गेली तर मेक्सिकन पाहुण्यांसमोर यजमानांची शोभा होते.

हिस्पॅनिक म्हणजे ढोबळमानाने स्पॅनिशभाषक देशांशी नाते सांगणारे लोक. ब्राझीलचे लोक पोर्तुगीज बोलतात, त्यामुळे ते लॅटिनो म्हणवले जातात, पण सहसा हिस्पॅनिक नव्हेत. स्पेनच्या लोकांचे याच्या उलट आहे. प्वेर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकन नागरिक आहेत, म्हणून त्यांना "तुम्ही इकडे केव्हा आलात" असे विचारणे अस्थानी ठरते. २०२० च्या जनगणनेनुसार देशात ६ कोटी २१ लाख हिस्पॅनिक लोक होते, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या १८.७ टक्के. एवढ्या मोठ्या समाजाची एकच चव, एकच ताल किंवा एकच पोशाख असणे शक्यच नाही, आणि नियोजनातली पहिली खरी पायरी इथूनच सुरू होते.

आपल्या गावात कोण राहते

समिती बनवण्याआधी गावातले हिस्पॅनिक लोक मुळात कुठले आहेत हे शोधावे. मायामीत क्यूबन, न्यूयॉर्कमध्ये प्वेर्तो रिकन आणि डोमिनिकन, वॉशिंग्टनच्या आसपास साल्वादोरन, टेक्सासच्या सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेले तेहानो असे चित्र ठिकाणागणिक बदलते. शाळेतील इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिका, स्पॅनिशमध्ये मिस्सा होणारे चर्च, परिसरातली मेक्सिकन बेकरी आणि रविवारी फुटबॉल खेळणारे गट या चार जागी चौकशी केली की जनगणनेच्या तक्त्यापेक्षा नेमके चित्र हाती येते. ग्वाटेमालाहून आलेल्या अनेक कुटुंबांची घरची भाषा माम किंवा किचे असते, आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांवर काम करणाऱ्या अनेकांची मिश्तेक. त्यांच्यासाठी स्पॅनिश ही शिकलेली दुसरी भाषा असते, त्यामुळे "सगळे स्पॅनिशमध्ये छापले आहे, काम झाले" असे समजू नये.

समितीत निर्णय घेणारे बहुसंख्य लोक त्या समाजातलेच असावेत, आणि त्यात दोन तरी विद्यार्थी असावेत. कार्यक्रम पालकांच्या सोयीने ठरवायचा आणि तो विद्यार्थ्यांच्या नावाने करायचा, ही सवय जगभर सारखीच दिसते. विद्यार्थी समितीत बसले की ती बरीचशी मोडते. मराठी किंवा अन्य समाजांतील स्वयंसेवकांनी हिशेब, परवाने, मंडप, पार्किंग, नोंदणी ही कामे घ्यावीत आणि रंगमंचावर काय असावे याचा निर्णय हिस्पॅनिक समाजातल्या सदस्यांवर सोडावा. मंडळाचा उत्सव चालवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आपल्या आरतीचा क्रम दुसऱ्याने ठरवलेला आपल्यालाही चालत नाही. स्वयंसेवकांना खोट्या मिशा आणि मोठी सोम्ब्रेरो टोपी घालून उभे करण्याची कल्पना कोणी मांडली, तर ती तिथेच थांबवावी.

मराठी मंडळींना आपल्या बाजूने काही मांडायचे असेल तर त्यासाठी एक अस्सल विषय हाताशी आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतून देशोदेशी फिरत १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचले, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा चालवल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या एका प्रसिद्ध चित्रात, भाकरी वाटून घेणाऱ्या पंगतीच्या प्रमुख जागी, खानखोजे दिसतात. गरिबांच्या मुलांपर्यंत शिक्षण नेणारा मराठी माणूस मेक्सिकोच्या भिंतीवर आहे, हे एका फलकावर मांडले तर ते या मेळ्याच्या हेतूला धरून होईल. त्याहून जास्त जागा मात्र मागू नये.

विद्यार्थ्याला काय द्यायचे

शिक्षण हा या समाजाच्या सार्वजनिक लढ्यांचा जुना गाभा आहे. मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळांत बसवण्याविरुद्ध कॅलिफोर्नियातील मेंडेझ आणि इतर कुटुंबांनी दावा लावला आणि १९४७ मध्ये तो अपील न्यायालयातही जिंकला. काळ्या मुलांच्या शाळांविषयीचा ब्राऊन खटल्याचा गाजलेला निकाल त्यानंतर सात वर्षांनी, १९५४ मध्ये आला. टेक्सासच्या कॉर्पस क्रिस्टी गावी १९२९ साली स्थापन झालेली 'लुलॅक' ही संघटना आजही शिष्यवृत्त्या देते. न्यूयॉर्कमध्ये अँटोनिया पंतोहा यांनी १९६१ साली 'आस्पिरा' सुरू करून प्वेर्तो रिकन मुलांना शाळेत टिकवण्याचे आणि त्यांच्यातून नेतृत्व घडवण्याचे काम उभे केले. उत्सव आणि शिक्षणनिधी यांची सांगडही नवी नाही. मायामीचा 'काये ओचो' उत्सव १९७८ पासून लिटल हवाना या वस्तीतला किवानिस हा सेवाभावी क्लब भरवतो आणि त्यातून मुलांसाठी कार्यक्रम व शिष्यवृत्त्या चालतात. ह्यूस्टनच्या रोडिओमधील (गुरे-घोड्यांच्या खेळांच्या मेळ्यातील) 'गो तेहानो' समिती 'मारियाची' या मेक्सिकन वाद्यवृंदांची स्पर्धा भरवते आणि शिष्यवृत्तीसाठी पैसा जमवते.

आपल्या गावापुरते पाहिले तर विद्यार्थ्याला तीन प्रकारची मदत देता येते : रोख शिष्यवृत्ती, अर्ज भरण्यास प्रत्यक्ष साहाय्य, आणि योग्य माणसांशी गाठ. रोख रकमेचाच सगळीकडे गाजावाजा होतो, पण लहान समितीची खरी ताकद दुसऱ्या प्रकारात असते. पेल ग्रँट हे गरजू पदवी-विद्यार्थ्यांना मिळणारे आणि परत न करायचे सरकारी अनुदान आहे. २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन्ही वर्षी त्याची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. त्यासाठी 'फाफ्सा' हा केंद्र सरकारचा मोफत अर्ज भरावा लागतो. आपली समिती वर्षभर राबून एका विद्यार्थ्याला १,००० डॉलर देते. त्याच मुलाचा फाफ्सा नीट भरून दिला तर त्याला दरवर्षी त्याच्या कितीतरी पट रक्कम मिळू शकते. आणि हा अर्ज दरवर्षी १ ऑक्टोबरला, म्हणजे नेमका वारसा महिन्यात, खुला होतो. २०२३ आणि २०२४ मध्ये नव्या रचनेच्या गोंधळामुळे त्याला उशीर झाला होता. आता १ ऑक्टोबरची मर्यादा कायद्यानेच घातली आहे. म्हणून मेळ्यासाठी ऑक्टोबरचा पहिला किंवा दुसरा शनिवार निवडावा. १५ सप्टेंबरचा मुहूर्त साधण्यापेक्षा हे अधिक उपयोगाचे आहे, आणि मराठी स्वयंसेवकही तोवर गणेशोत्सवातून बहुतेक मोकळे झालेले असतात.

वर्षाचे वेळापत्रक

इथे एक पेच आहे आणि तो बऱ्याच उशिरा लक्षात येतो. मेळा होतो ऑक्टोबरमध्ये, तर बारावीचे विद्यार्थी कॉलेज निवडतात पुढच्या १ मेपर्यंत. ऑक्टोबरमध्ये शिष्यवृत्ती जाहीर केली तर मूल कुठे जाणार हेच ठरलेले नसते. मेनंतर जाहीर केली तर निवडीला तिचा उपयोग होत नाही. यावर उपाय असा की मेळ्यात अर्ज खुले करावेत, जानेवारीअखेर मुदत ठेवावी, मार्चमध्ये छाननी करावी आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात निकाल कळवावा. कॉलेजांची आर्थिक साहाय्याची पत्रे साधारण त्याच सुमारास येतात, त्यामुळे कुटुंबाला सगळे आकडे एकत्र मांडून विचार करता येतो. रंगमंचावर गौरव करायचा तर आदल्या वर्षी निवडलेल्या आणि आता कॉलेजच्या पहिल्या सत्रात असलेल्या विद्यार्थ्यांचा करावा. तेच खाली येऊन बारावीच्या मुलांशी बोलतील.

त्यामुळे तयारी आदल्या जानेवारीत सुरू होते. फेब्रुवारीअखेर समिती आणि विद्यार्थी-निधीचा आकडा निश्चित असावा. मार्च-एप्रिलमध्ये जागा नक्की करावी. शाळेचे सभागृह बहुधा स्वस्त पडते, पण शाळेच्या जिल्हा कार्यालयाकडून विमापत्र मागितले जाते आणि ते मिळायला वेळ लागतो. प्रायोजकांकडे मेच्या आतच जावे, कारण अनेक कंपन्यांचे देणगीचे अंदाजपत्रक उन्हाळ्याआधीच संपलेले असते. कलापथके जूनपर्यंत ठरवावीत; वारसा महिन्यात प्रत्येक मारियाची आणि फोक्लोरिको (लोकनृत्य) पथकाला एकाच शनिवारी चार आमंत्रणे असतात.

निकष आणि निवड

निकष लिहिताना कायद्याकडे लक्ष असावे. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज-प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. तो निकाल प्रवेशाविषयी होता, परंतु त्यानंतर वंशाधारित शिष्यवृत्त्यांवरही दावे लागले आणि अनेक संस्थांनी आपले निकष बदलले. "फक्त हिस्पॅनिक विद्यार्थ्यांसाठी" असे लिहिण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. हेतू न सोडताही निकष लिहिता येतात : घरातून कॉलेजला जाणारी पहिली पिढी, घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलली जाणे, भाऊबहिणींची किंवा वडीलधाऱ्यांची जबाबदारी उचलणे, हिस्पॅनिक समाजासाठी केलेली सेवा, ठरावीक शाळा किंवा परिसर. असे निकष सर्वांना खुले राहतात आणि गरज असलेल्या मुलापर्यंत अधिक अचूकपणे पोचतात.

गुणांची अट फार वर नेऊ नये. आठवड्याचे वीस तास किराणा दुकानात काम करणाऱ्या मुलीचे चारपैकी ३.१ गुण आणि घरी शिकवणी असलेल्या मुलाचे ३.८ यांची सरळ तुलना करता येत नाही. अर्ज फोनवर भरता यावा, निबंध एकच असावा आणि तो ३०० शब्दांत मावावा, शिफारसपत्र एकच मागावे आणि ते शिक्षकाखेरीज कामावरच्या वरिष्ठाचेही चालावे. विद्यार्थ्याची किंवा पालकांची स्थलांतरविषयक कागदपत्रे आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक अर्जात मागू नयेत. जी माहिती आपल्याला लागत नाही ती आपल्या संगणकावर नसलेलीच बरी. परीक्षकांना नावे झाकून अर्ज द्यावेत, समिती सदस्यांच्या नातेवाइकांना अपात्र ठरवावे आणि हे सारे लेखी ठेवावे.

रक्कम वाटण्याबाबत मी ठाम आहे. १६ विद्यार्थ्यांना २५० डॉलर देण्यापेक्षा एका विद्यार्थ्याला चार वर्षे दरवर्षी १,००० डॉलर द्यावेत. दोन्हीकडे खर्च ४,००० डॉलरच होतो, पण पहिल्या पर्यायात फोटो मोठा येतो आणि दुसऱ्यात पदवी पुरी होण्याला हातभार लागतो. चार वर्षांची हमी द्यायची तर ती पूर्ण रक्कम आज हातात हवी, पुढच्या मेळ्याच्या भरवशावर नको.

आणखी एक तपशील बारकाईने पाहावा. बाहेरची शिष्यवृत्ती आली की काही कॉलेजे आपल्याकडची मदत तेवढ्याने कमी करतात, आणि मग आपले १,००० डॉलर विद्यार्थ्याऐवजी कॉलेजच्या तिजोरीत जातात. मेरीलँडने २०१७ मध्ये सार्वजनिक कॉलेजांबाबत याला आळा घातला आणि नंतर कॅलिफोर्नियानेही गरजू विद्यार्थ्यांसाठी कायदा केला, पण सगळीकडे तसे संरक्षण नाही. म्हणून धनादेश पाठवण्याआधी विद्यार्थ्याने कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला विचारावे की ही रक्कम आधी कर्जाच्या किंवा विद्यार्थ्याने कमावून भरायच्या भागातून वजा होईल का. शिकवणी शुल्क, अनिवार्य फी आणि पुस्तके यांसाठी वापरलेली शिष्यवृत्ती करमुक्त असते. राहण्या-जेवण्यावर वापरलेली करपात्र ठरते, हेही पत्रात स्पष्ट लिहावे.

पैसा : कोणाच्या खात्यात, कोणत्या पावतीवर

देणगीदाराला करसवलत द्यायची असेल तर पैसा ५०१ (सी) (३) म्हणजे करमुक्त धर्मादाय दर्जाच्या संस्थेकडे जमा व्हायला हवा. नवी संस्था काढण्याची घाई करू नये. गावातील कम्युनिटी फाउंडेशन, शाळेचे शिक्षण-प्रतिष्ठान किंवा एखादी प्रस्थापित संस्था आपला निधी आपल्या छत्राखाली घेते. ती ठरावीक टक्के सेवाशुल्क लावते, पण हिशेब, पावत्या आणि कराचे विवरणपत्र तिच्याकडे राहते. दोन-तीन वर्षे काम टिकले तर मग स्वतंत्र नोंदणीचा विचार करावा. वर्षाची जमा ५०,००० डॉलरपेक्षा कमी अपेक्षित असेल तर त्यासाठी संक्षिप्त अर्ज आहे, आणि त्याची फी २७५ डॉलर आहे.

२५० डॉलर किंवा अधिक देणगी देणाऱ्याला लेखी पोच द्यावीच लागते. जेवणाचे तिकीट १०० डॉलरला विकले आणि जेवणाची किंमत ४० असेल तर देणगी ६० डॉलरचीच धरली जाते. मिळालेली रक्कम ७५ डॉलरहून जास्त असेल तेव्हा हे देणगीदाराला लिहून कळवणे संस्थेवर बंधनकारक आहे. "माझे पैसे अमक्याच मुलाला द्या" अशी देणगी स्वीकारू नये, कारण ती कराच्या दृष्टीने देणगी राहत नाही. सोडत आणि बक्षिसांचे खेळ यांवर प्रत्येक राज्याचे वेगळे नियम आहेत. तिकीट छापण्यापूर्वी ते पाहावेत.

कायमस्वरूपी निधीचे आकर्षण अनेकांना असते. वर्षाला साधारण ४ टक्के काढायचे धरले तर १,००० डॉलरच्या एका शिष्यवृत्तीसाठी २५,००० डॉलर गुंतवून ठेवावे लागतात. पहिल्या वर्षीच्या समितीने त्यामागे लागू नये.

मेक्सिकन वंशाची कुटुंबे जास्त असतील तर जवळच्या मेक्सिकन वाणिज्य दूतावासाला लिहावे. 'इमे बेकास' या योजनेतून मेक्सिको सरकार अमेरिकेतील संस्थांमार्फत शिक्षणासाठी निधी देते, आणि अशा मेळ्यांत दूतावासाचे प्रतिनिधी आनंदाने येतात.

मेळ्याचा दिवस

वेळ सकाळी ११ ते दुपारी ४ अशी ठेवावी. रात्रीच्या भोजनसमारंभात प्रायोजक येतात. लहान मुले, आजी-आजोबा आणि संध्याकाळच्या पाळीवर जाणारे वडील दुपारी येतात, आणि आपल्याला तेच हवे असतात. रंगमंचावरचा निवेदक दोन्ही भाषांत बोलणारा असावा, पण प्रत्येक वाक्याचा अनुवाद करत बसणारा नसावा.

नृत्यात हालिस्कोचे घेरदार घागरे असतील तर त्याबरोबर कोलंबियाची कुंबिया, प्वेर्तो रिकोची बोंबा, पेरूची मारिनेरा यांपैकी गावात ज्यांची माणसे आहेत ते ठेवावे. दोन पथकांमध्ये जो रिकामा वेळ पडतो तो लोतेरियाने भरून निघतो. लोतेरियात ५४ चित्रांचा संच असतो : कोंबडा, चंद्र, शिडी, छत्री, निवडुंग. प्रत्येकाकडे चार गुणिले चार घरांचा तक्ता असतो. पुकारणारा पत्ता उचलतो, पण नुसते नाव न सांगता त्यावर एखादी यमकाची किंवा चिमटा काढणारी ओळ म्हणतो, आणि लोक वाळलेले घेवड्याचे दाणे त्या चित्रावर ठेवत जातात. हाउजीची सवय असलेला मराठी माणूस दोन मिनिटांत तयार होतो. पुकारण्याचे काम एखाद्या आजीकडे द्यावे. तिच्या ओळींना जी दाद मिळते ती भाड्याने आणलेल्या निवेदकाला मिळत नाही. बक्षीस म्हणून दप्तर, कॅल्क्युलेटर, कॉलेजच्या अर्जाची फी अशा वस्तू ठेवाव्यात. रोख बक्षीस आणि विकलेले तक्ते एकत्र आले की राज्याचा बिंगोचा कायदा लागू होऊ शकतो.

जेवण घरगुती हवे असे सर्वांना वाटते, परंतु सार्वजनिक मेळ्यात अन्न विकायचे तर काउंटीच्या आरोग्य खात्याचा तात्पुरता परवाना लागतो आणि घरी शिजवलेले बहुतेक पदार्थ चालत नाहीत. चर्चच्या परवानाधारक स्वयंपाकघरात आदल्या दिवशी बायकाबाप्यांनी मिळून तामाल करणे हा यावरचा जुना आणि चांगला मार्ग आहे. त्यासाठी मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेला असतो; 'मासा' म्हणतात ते हेच पीठ मक्याच्या पात्यावर पसरायचे, मध्ये सारण ठेवायचे, घडी घालून वाफवायचे. मोदक करणाऱ्या हातांना हे काम परके वाटत नाही. गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या वर आणि थंड ४१ च्या खाली ठेवावे लागतात, म्हणून दोन थर्मामीटर आणि तापमान लिहिण्याचा कागद टेबलावर असू द्यावा. साल्वादोरची पुपुसा तव्यावरून थेट विकली जाते आणि मांसाशिवायही, घेवडा व चीज घालून, मिळते. शाकाहारी पाहुण्यांची सोय तिथे होते. मात्र घेवडा डुकराच्या चरबीत परतला आहे का हे विचारून फलकावर लिहावे.

ध्वनिमुद्रित संगीत वाजवायचे असेल तर जागेकडे संगीताच्या हक्कसंस्थांचा परवाना आहे का हे विचारावे. शाळा आणि मोठ्या सभागृहांकडे तो अनेकदा असतो.

अर्जाचे टेबल, हेच मेळ्याचे केंद्र

हे टेबल कोपऱ्यात, जाहिरातीच्या पत्रकांमागे ठेवू नये. जेवणाच्या रांगेच्या वाटेवर, पण आवाजापासून दूर असलेली एक खोली घ्यावी. दारात लहान मुलांसाठी पापेल पिकादोचे रंगीत कागद कापण्याचे काम ठेवावे, म्हणजे पालक निवांत बसतात. आत चार संगणक, चांगले वायफाय, आणि शाळेचे समुपदेशक किंवा जवळच्या कम्युनिटी कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयातील द्विभाषक कर्मचारी असावेत. ज्या कॉलेजांत पूर्णवेळाच्या हिशेबाने किमान २५ टक्के पदवी-विद्यार्थी हिस्पॅनिक असतात त्यांना हिस्पॅनिक-सेवी संस्था असा केंद्रीय कायद्यात दर्जा आहे. अशा कॉलेजांचे कर्मचारी सहसा तयारीचे असतात.

फाफ्सामध्ये विद्यार्थी आणि ज्याची आर्थिक माहिती लागते तो प्रत्येक पालक यांची वेगवेगळी खाती लागतात. ही खाती मेळ्याच्या आठवडाभर आधी घरी उघडून यायला सांगावे, कारण ओळख पडताळणीत अडचण आली तर त्याच दिवशी ती सुटेलच असे नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या पालकालाही खाते उघडता येते. आईवडील विभक्त असतील तर ज्याने गेल्या बारा महिन्यांत मुलाचा जास्त खर्च केला त्याची माहिती लागते, मूल कोणाकडे राहते हे आता निर्णायक नाही. दोन वर्षांपूर्वीचे प्राप्तिकर विवरणपत्र सोबत असावे. २०२६-२७ च्या अर्जासाठी २०२४ चे. प्रत्येकाने कर खात्याकडून माहिती घेण्यास संमती द्यावी लागते, आणि एकाने जरी नाकारली तरी केंद्राची मदत अडते. एखादी आई "आम्ही कर भरत नाही, मग आमचे काय" म्हणून उठू लागते तेव्हा तिला बसवून घेणारी व्यक्ती स्पॅनिश बोलणारी आणि वयाने मोठी असली तर काम होते.

स्वयंसेवकाने स्वतः कळफलकाला हात लावू नये, पासवर्ड पाहू नये आणि कागदांचे फोटो घेऊ नयेत. ज्या घरात काहींकडे कागदपत्रे आहेत आणि काहींकडे नाहीत, तिथे सरकारी अर्जात पालकांची माहिती द्यावी की नाही हा निर्णय कुटुंबाचा आहे. त्यासाठी मोफत कायदेशीर सल्ला देणाऱ्या संस्थेचा पत्ता हाती द्यावा आणि आग्रह करू नये. कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्याला केंद्राची मदत मिळत नाही. कॅलिफोर्नियात अशांसाठी राज्याचा स्वतंत्र ड्रीम अ‍ॅक्ट अर्ज आहे. टेक्सासमध्ये २००१ च्या कायद्याने त्यांना मिळणारा राज्यांतर्गत (रहिवाशांसाठीच्या कमी) शुल्काचा दर जून २०२५ मधील केंद्रीय न्यायालयाच्या आदेशाने थांबला. हे नियम बदलत राहतात, म्हणून मागच्या वर्षीची पत्रके पुन्हा छापू नयेत.

कागदपत्रांच्या याच प्रश्नामुळे सुरक्षेचा विचारही आधीच करावा लागतो. स्थलांतर खात्याच्या कारवाईच्या भीतीने २०२५ च्या सप्टेंबरात शिकागोतील 'एल ग्रिटो' हा मेक्सिकन स्वातंत्र्यदिनाचा सोहळा पुढे ढकलावा लागला, आणि इतर ठिकाणीही असे घडले. प्रवेशद्वारावर नावनोंदणी सक्तीची करू नये. छायाचित्र नको असलेल्यांसाठी वेगळ्या रंगाची मनगटपट्टी ठेवावी आणि छायाचित्रकाराला तिचा अर्थ नीट समजावून द्यावा. सार्वजनिक जागा आणि खासगी खोली यांतला कायदेशीर फरक वकिलाकडून समजून घेऊन स्वयंसेवकांना आदल्या दिवशी सांगावा. लोक फारच धास्तावलेले असतील तर मेळा लहान करून अर्जाचे काम शाळेत, कामाच्या दिवशी संध्याकाळी, छोट्या गटांत करावे. नाच पुढच्या वर्षी होऊ शकतो, अर्जाची मुदत थांबत नाही.

मेळ्यानंतर

पंधरा दिवसांत जमाखर्च दोन्ही भाषांत जाहीर करावा : किती जमले, किती खर्च झाला, विद्यार्थी-निधीत किती गेले, किती अर्ज पूर्ण झाले आणि किती अर्धवट राहिले. शेवटचा आकडा सर्वांत कामाचा आहे, कारण अर्धवट राहिलेल्या प्रत्येक कुटुंबाला नोव्हेंबरमध्ये फोन करायचा असतो.

निवड झालेल्या विद्यार्थ्यांची जबाबदारी एप्रिलमध्ये संपत नाही. प्रवेश मिळूनही ऑगस्टमध्ये कॉलेजात न पोचणारी मुले दरवर्षी असतात, आणि कारणे बहुधा क्षुल्लक दिसणारी असतात : वसतिगृहाची अनामत राहिली, कागदपत्रांच्या पडताळणीचे पत्र कोणी उघडले नाही, लशीचा दाखला मिळाला नाही. टेक्सासमध्ये २२ वर्षांखालील नव्या विद्यार्थ्याला मेनिंजायटिसची लस वर्ग सुरू होण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक स्वयंसेवक नेमावा, त्याने जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये दर दोन आठवड्यांनी संदेश पाठवून या तीन गोष्टींची चौकशी करावी, आणि पहिल्या सत्राच्या नोंदणीचा पुरावा आल्यावरच धनादेश रवाना करावा.